'जरा थांबा हं' स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं? 'उन मोमेन्तो'पासून 'आओरीता'पर्यंत

फोनवर पलीकडे मेक्सिकोतल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांच्या बिलाची नोंद मला स्क्रीनवर सापडेना, म्हणून मी म्हटलं, 'एस्पेरा'. थांब. शब्द बरोबर होता, उच्चारही बरा होता. पण पलीकडचा आवाज एकदम आखडला. त्यानंतर त्या 'हो' आणि 'नाही' याखेरीज काही बोलल्याच नाहीत. फोन ठेवल्यावर शेजारच्या खुर्चीवरची ताई, जी माझ्या कितीतरी आधीपासून स्पॅनिशमध्ये काम करत होती, हळूच म्हणाली, "अगं, आजीच्या वयाच्या बाईंना तू 'ए, थांब' म्हणालीस."

पुण्यातल्या त्या नोकरीत मी दिवसभर कुणाला ना कुणाला थांबवत असे. आता मी स्पॅनिश शिकवते, आणि नमस्कार-चमत्कार झाल्याझाल्या मुलांना पहिल्यांदा हेच शिकवते: समोरच्याला थोडा वेळ कसं थांबवायचं. नवशिक्याला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. शब्द आठवायला वेळ हवा, पिशवीतून पासपोर्ट काढायला वेळ हवा, ज्याला भाषा येते त्याला हाक मारायला वेळ हवा. तेवढा वेळ नीट मागता आला की पुढचं अर्धं काम झालं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मराठीत आपण 'थांबा' म्हणतो आणि त्याच्या मागेपुढे 'जरा', 'हं', 'ना' लावून तो मऊ करतो. स्पॅनिश बोलणारा माणूस अनोळखी माणसाला नुसतं 'थांबा' सहसा म्हणतच नाही. तो एक तर वेळ मागतो, नाहीतर 'आलोच' असं वचन देतो. या दोन वाटा हाताशी असल्या की चूक होणं अवघड.

आधी जीभ बसवून घ्या

मराठी माणसाला इथे मोठी सोय आहे आणि ती आपण इंग्रजीच्या सवयीने घालवतो. स्पॅनिशमधला 'त' आणि 'द' हे आपलेच दंत्य त आणि द आहेत. 'मोमेंटो' नाही, मोमेन्तो. 'मिनिट'मधला ट इथे आणू नका, मिनूतो म्हणा. तसंच 'प' आणि 'क' म्हणताना हवा सोडायची नाही, आपण 'पाणी', 'काम' म्हणतो तसेच.

स्पॅनिशमध्ये 'व' लिहिला तरी उच्चार 'ब'कडे झुकतो. म्हणून 'कृपया' म्हणजे पोर फाबोर. मधला ब हलका, ओठ पूर्ण न मिटता. 'ह' लिहिलेला असला तरी बोलायचा नाही, त्यामुळे 'आता'ला आओरा. शब्दाच्या सुरुवातीचा र मात्र जीभ थरथरवून म्हणायचा: रातो म्हणताना 'र्र्रातो' असं ऐकू आलं पाहिजे. मधला र आपल्या 'बरा'मधल्यासारखा साधा.

जोर कुठे पडतो तेही महत्त्वाचं. 'एस्पेरा' म्हणताना जोर 'पे'वर. तो शेवटच्या 'रा'वर गेला तर तुम्ही अर्जेंटिनाचे झालात, त्याबद्दल पुढे.

पहिली पायरी: क्रियापद सोडा, नुसतं नाम म्हणा

उन मोमेन्तो, पोर फाबोर. एक क्षण, कृपया.

पहिल्या दिवशी एवढंच पाठ करा. यात क्रियापद नाही, म्हणून समोरच्याला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हा प्रश्नच उरत नाही. पोलीस, आजोबा, शाळकरी मुलगा, दूतावासातला कारकून, कुणालाही चालतं. स्पॅनिश ज्या २० देशांची अधिकृत भाषा आहे त्यांपैकी कुठेही चालतं. त्या दिवशी मी फक्त हे म्हटलं असतं तर त्या बाई दुखावल्या नसत्या.

'मोमेन्तो'च्या जागी दुसरी नामं येतात. उन सेगुन्दो म्हणजे एक सेकंद, उन मिनूतो म्हणजे एक मिनिट. अर्थात कुणी घड्याळ लावून बसत नाही, पण शब्दांची चढण खरी आहे. 'सेगुन्दो' म्हटलं तर लोक तुमच्याकडे बघत उभे राहतात. 'मिनूतो' म्हटलं तर ते फोन काढतात. आणि उन रातो म्हटलं तर खुर्ची शोधतात, कारण 'रातो' म्हणजे 'थोडा वेळ', किती ते न सांगितलेला.

आपल्या जुन्या बोलीत हीच चढण होती. पळभर, घटकाभर. घटका म्हणजे २४ मिनिटं आणि पळ म्हणजे तिचा साठावा भाग, २४ सेकंद. 'मोमेन्तो'लाही एके काळी माप होतं: मध्ययुगीन युरोपात तासाचे ४० भाग करत, म्हणजे एक 'मोमेंतुम' साधारण ९० सेकंदांचा. माझ्या मते हे माप आजही चांगलं आहे. दीड मिनिटाच्या आत काम होणार असेल तर 'मोमेन्तो' म्हणा. त्याहून जास्त लागणार असेल तर खरं सांगा आणि 'सिन्को मिनूतोस', पाच मिनिटं, म्हणा. 'घटकाभर बसा' म्हणून पाहुण्याला आग्रहाने बसवतो, तिथे स्पॅनिशमध्ये 'उन रातो'च येईल, 'मोमेन्तो' नाही.

सूर मात्र सांभाळा. 'उन मोमेन्तो!' असं तोडून म्हटलं तर ते वादात हात वर करून म्हटलेल्या 'एक मिनिट, एक मिनिट!' सारखं लागतं. 'पोर फाबोर' जोडलं आणि शेवटचा सूर खाली आणला की ती धार जाते.

दुसरी पायरी: वेळ लहान करून मागा

मराठीत 'थोडं' चं 'थोडुसं' होतं, 'एवढा' चा 'एवढुसा'. स्पॅनिशमध्ये नामाला '-ईतो' लावून हेच करतात: मोमेन्तीतो, सेगुन्दीतो, मिनुतीतो, रातीतो. वेळ त्याने कमी होत नाही. मागणं मऊ होतं. 'उन मोमेन्तीतो, पोर फाबोर' म्हणजे जवळजवळ आपलं 'जरासं थांबता का हो'.

हा प्रत्यय प्रदेशागणिक बदलतो. कोलंबिया, व्हेनेझुएला, क्यूबा आणि कोस्टा रिका इथे शब्दात आधी 'त' असेल तर '-ईको' लागतो: मोमेन्तीको, मिनुतीको, रातीको. कोस्टा रिकाच्या लोकांना 'तीको' हे टोपणनाव यावरूनच पडलंय. पण 'सेगुन्दो'मध्ये शेवटी द आहे, त नाही, म्हणून तिथेही सेगुन्दीतोच राहतो. स्पेनच्या उत्तरेला आस्तुरियासमध्ये 'मोमेन्तीन' ऐकू येईल. हे सगळे प्रकार तोंडात बसवायची गरज नाही, कानाला ओळखता आले की पुरे. तुम्ही '-ईतो' वापरा, सगळीकडे समजतो.

एक खबरदारी. स्पेनमध्ये कामाच्या जागी, बँकेत, वकिलाकडे साधं 'उन मोमेन्तो' जास्त शोभतं. लॅटिन अमेरिकेत मात्र लघुरूप कुठेही खपतं, उलट ते नसलं की बोलणं कोरडं वाटतं. मेक्सिकोत तर नक्कीच.

तिसरी पायरी: 'थांब' आणि 'थांबा'

आता क्रियापद. 'एस्पेरार' म्हणजे थांबणं, वाट पाहणं. याच शब्दाचे आणखी दोन अर्थ आहेत, आशा करणं आणि अपेक्षा ठेवणं. 'एस्पेरो के सी' म्हणजे 'वाट पाहते' नव्हे, 'तसं होवो अशी आशा आहे'. तीन भावनांना एकच शब्द आहे. मला तो फार आवडतो, पण नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. मागे 'के' आला की बहुधा आशा किंवा अपेक्षा, हे लक्षात ठेवा. ज्यांच्या घरी गोव्यात पोर्तुगीज बोलली जायची त्यांना हा शब्द ओळखीचा असेल, कारण पोर्तुगीजमध्येही तो असाच आहे.

रूपं अशी. ओळखीच्या, बरोबरीच्या, लहान माणसाला: एस्पेरा. मोठ्या, अनोळखी, अधिकारी माणसाला: एस्पेरे. फक्त शेवटचा आ जाऊन ए येतो, आणि तेवढ्यात 'थांब' चं 'थांबा' होतं. माझी चूक एका स्वराची होती.

हा 'ए' कुठून येतो ते कळलं की पाठ करावं लागत नाही. आदराचा 'तुम्ही' म्हणजे उस्तेद, आणि तो 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', यावरून झिजून आलाय. समोरच्याला थेट न बोलता त्याच्या कृपेला बोलायचं, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी. आपल्याकडे 'साहेबांनी बसावं', 'आपण यावं' म्हणतात तशीच ही अदब. 'एस्पेरे' म्हणजे मुळात 'थांबावं'.

अनेक जणांना सांगायचं असेल तर एस्पेरेन. लॅटिन अमेरिकेत मुलांच्या घोळक्यालाही हेच, मंत्रिमंडळालाही हेच. स्पेनमध्ये मात्र मित्रांच्या गटाला वेगळं रूप आहे, 'एस्पेराद', जे बोलताना बरेच जण 'एस्पेरार' असं म्हणून टाकतात. ते ऐकून समजलं तरी पुरे.

'माझ्यासाठी थांब' म्हणायचं तर मागे 'मे' चिकटवा: एस्पेरामे (तू), एस्पेरेमे (तुम्ही). जोर दोन्हीकडे 'पे'वरच राहतो. नकार द्यायचा असेल तर 'तू'चं रूप बदलतं: नो मे एस्पेरेस, माझी वाट पाहू नकोस. जेवायला थांबू नका असं यजमानीण बाईंना सांगायचं तर: नो मे एस्पेरे.

इथेच व्याकरणातली एक सुखद गोष्ट. बसची वाट पाहतेय: एस्पेरो एल आउतोबूस. बहिणीची वाट पाहतेय: एस्पेरो आ मी एर्माना. दुसऱ्या वाक्यात मध्ये एक 'आ' आला. कर्म माणूस असलं की तो येतो. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं हा 'आ' वर्षभर विसरतात. त्यांना मी सांगते, 'घर पाहिलं' पण 'बहिणीला पाहिलं', हा जो तुमचा 'ला' आहे ना, तोच हा 'आ'. मग विसरत नाहीत.

आणि हो, 'तू' की 'तुम्ही' हे ठरवताना मराठी कान सगळीकडे कामाला येत नाही. माद्रिदमधला दुकानदार तुम्हाला पहिल्याच वाक्यात 'तू' म्हणेल, त्यात अपमान नसतो. उलट बोगोतामध्ये नवरा-बायको, मित्र-मित्रही एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना ऐकू येतात, त्यात दुरावा नसतो. शंका असेल तर 'एस्पेरे' म्हणा. जास्त आदराने कुणी रागावत नाही.

चौथी पायरी: परवानगीच्या सुरात मागा

'एस्पेरे' बरोबर असलं तरी शेवटी आज्ञार्थच. त्यापेक्षा प्रश्न करा: मे दा उन मिनूतो? मला एक मिनिट देता? ओळखीच्या माणसाला: मे दास उन सेगुन्दो? प्रश्नाच्या सुरात शेवट वर न्यायचा, बस.

मेक्सिकोत याहून गोड रीत आहे. पेर्मीतामे. 'मला परवानगी द्या.' पूर्ण वाक्यात: पेर्मीतामे तान्तीतो. 'तान्तीतो' हा 'थोडुसं' साठीचा खास मेक्सिकन शब्द. मित्राला म्हणाल एस्पेरामे तान्तीतो, किंवा आग्वान्तामे तान्तीतो, 'जरा दम धर'. त्या ताईने मला दिलेला पहिला शब्द 'पेर्मीतामे' हाच. दुसऱ्या दिवशीपासून मी नोंद शोधायच्या आधी तो म्हणायला लागले. एकदा अशाच एक आजी पलीकडून म्हणाल्या, "सी, मीखा, आकी तेस्पेरो." हो बाळा, मी इथेच थांबते. 'मीखा' म्हणजे 'माझी लेक'. त्या शब्दातला ख घशातून येतो. मला तो अजून ऐकू येतो.

कोलंबियात 'रेगालेमे उन मिनुतीको' म्हणतात. शब्दशः 'मला एक मिनिट भेट द्या'. पहिल्यांदा ऐकणारा चक्रावतो. तिथे दुकानात पेन मागतानाही 'रेगालेमे' म्हणतात, फुकट नेण्याचा विचार नसतो. वेळेच्या बाबतीत मात्र मला तो शब्द अगदी अचूक वाटतो.

'आलोच' चे दोन तुकडे

आता ती जागा, जिथे मराठी माणूस हमखास चुकतो, आणि जिथे एकदा समजलं की तोच सगळ्यांच्या पुढे जातो.

दारावरची बेल वाजते. आतून आपण ओरडतो, 'आलो आलो!' स्पॅनिशमध्ये इथे 'येणं' हे क्रियापद चालत नाही. तिथे म्हणतात या बोइ, अक्षरशः 'जातोच'. कारण स्पॅनिश माणूस आपल्या पायाखालच्या जागेवरून बघतो. मी इथून दाराकडे जातोय, मग ते जाणंच. 'या बेंगो' म्हटलंत तर समोरच्याला वाटेल तुम्ही आणखी कुठेतरी निघालात. नुसतं बोइ! एवढंही पुरतं, स्पेनमध्ये तर तेच जास्त. अर्जेंटिनात हेच 'शा बोइ' असं ऐकू येईल, कारण तिथे 'य' चा 'श' होतो.

याच्या उलट प्रसंग. तुम्ही समोरच्याला सोडून दोन मिनिटं बाहेर जाताय. मराठीत काय म्हणतो? 'जातो' अशुभ, म्हणून 'येतो हं'. 'आलोच'. इथे मात्र स्पॅनिश आपल्यासारखीच वागते. स्पेनमध्ये आओरा बेंगो, 'आत्ता येतो', किंवा आओरा ब्वेल्बो, 'आत्ता परततो'. मेक्सिकोत आओरीता बेंगो. माणूस पाठ फिरवून निघालेला असतो आणि तोंडाने म्हणतो, 'येतो'. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागतं. आपल्याला ते आजीने उंबऱ्यावर शिकवलेलं असतं.

म्हणजे आपल्या एका 'आलोच' चे तिथे दोन तुकडे होतात. बोलावलंय तिकडे निघालात: बोइ. इथून निघून परत इथेच यायचंय: बेंगो. घरी सराव करा. कुणी हाक मारली की मनात 'या बोइ', दूध आणायला निघताना मनात 'आओरा बेंगो'. आठवड्यात बसतं.

गिऱ्हाईक सांभाळणाऱ्यांचं 'आलोच' आणखी नेमकं असतं: एन्सेगीदा ले आत्येन्दो, लगेच तुमच्याकडे बघतो. वेटर हे चालता चालता, ताटं हातात असताना म्हणतो. त्याला पुन्हा हाक मारू नका. त्याने तुम्हाला पाहिलंय, एवढाच त्याचा अर्थ.

आओरीता: आत्ता, थोड्या वेळाने, कदाचित

'आओरा' म्हणजे आता. लॅटिनमधल्या 'या घटकेला' अशा अर्थाच्या शब्दांपासून ते आलं. त्याला '-ईता' लावून 'आओरीता' झालं. आता 'आत्ता' चं 'आत्तुसं' झालं तर ते अजून लवकर असायला हवं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही.

मेक्सिकोत 'आओरीता' हे याच क्षणी असू शकतं, अर्ध्या तासाने असू शकतं, आणि कधीकधी 'नाही' म्हणायला जीव होत नाही म्हणूनही असू शकतं. पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात तर 'आओरीता' म्हणजे बहुतेक वेळा 'नंतर'. मी नोकरीत नवीन असताना एका गिऱ्हाइकाने 'आओरीता ले कोन्फीर्मो', आत्ता कळवतो, म्हटलं आणि मी जेवायची सुट्टी सोडून फोनजवळ बसून राहिले. त्यांचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी आला, अगदी प्रसन्न सुरात. त्यांनी शब्द मोडला नव्हता; मी तो चुकीचा ऐकला होता. आपल्याकडचं 'पाच मिनिटांत पोचतो' आपण कसं ऐकतो, तसंच तेही ऐकायचं असतं.

मग नक्की वेळ कशी काढून घ्यायची? रागावून नाही. हळूच विचारा: कोमो आ के ओरा? साधारण किती वाजता? हा 'कोमो' महत्त्वाचा, त्याने दडपण जातं. किंवा आओरीता मीस्मो? म्हणजे 'आत्ताच्या आत्ता का?' 'मीस्मो' जोडला की शब्द पुन्हा घट्ट होतो. स्पेनमध्येही 'आओरा मीस्मो' म्हणजे खरोखर लगेच. पण पोर्तो रिकोतलं 'या मीस्मो' पुन्हा सैल, 'होईलच आता' इतपत.

चिलीमध्ये याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा शब्द आहे, आल तीरो. तत्काळ. बंदुकीच्या बारासारखं. चिलीचा माणूस 'आल तीरो' म्हणाला तर खुर्चीवर बसूच नका.

तुम्ही स्वतः 'आओरीता' वापरायची घाई करू नका, असं माझं मत. ऐकून समजून घ्या, बोलताना 'एन सिन्को मिनूतोस' म्हणा. काम जवळजवळ होत आलंय हे सांगायला 'या कासी', झालंच, हे सगळीकडे चालतं. मेक्सिकोत त्यालाच 'या मेरो' म्हणतात.

फोनवर

फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे शांतता म्हणजे फोन तुटला असं वाटतं. म्हणून इथे थांबवण्याची वाक्यं 'थांबा' म्हणतच नाहीत. 'जाऊ नका' म्हणतात. स्पेनमध्ये नो क्वेल्गे, पोर फाबोर, फोन ठेवू नका. मेक्सिकोत आणि आसपास नो से रेतीरे, बाजूला जाऊ नका.

दुसऱ्याला फोन द्यायचा असेल तेव्हा: उन मोमेन्तो, आओरा ले पासो. थांबा, आता देते. घरच्या फोनवर स्पेनमध्ये म्हणतील आओरा से पोने, 'येतेय हं फोनवर'. त्याआधी बहुधा विचारतात: दे पार्ते दे क्येन? कोण बोलतंय म्हणून सांगू? या प्रश्नाला घाबरून अनेक जण फोन ठेवतात. नाव सांगा, एवढंच करायचंय.

कागद शोधताना तोंड बंद ठेवू नका. आ बेर म्हणजे 'बघू हं'. देखामे बेर म्हणजे 'मला बघू दे' ('तुम्ही'साठी देखेमे बेर, यातलाही ख घशातून). आपण कागद चाळताना 'हं... हं...' करतो, त्याची ही जागा.

रांगेत आणि दारावर

स्पेनच्या मंडईत मासळीच्या किंवा भाजीच्या गाळ्यासमोर लोक विखुरलेले उभे असतात, रांग दिसत नाही. पण ती असते. आलेला माणूस विचारतो: क्येन एस एल ऊल्तीमो? शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं. तुमचा नंबर त्याच्या मागे. आता पुढचा जो येऊन विचारेल त्याला 'यो', मी, असं उत्तर द्यायचं. दादरच्या बाजारात 'माझा नंबर आहे हं' म्हणून सांगावं लागतं, त्यापेक्षा हे कितीतरी शांतपणे चालतं.

पाट्या ओळखून ठेवा. 'एस्पेरे सु तुर्नो' म्हणजे आपला नंबर येईपर्यंत थांबा. 'साला दे एस्पेरा' म्हणजे प्रतीक्षालय. बंद दुकानाच्या दारावर 'ब्वेल्बो एन सिन्को मिनूतोस' दिसलं तर पाच मिनिटांत येतो. एटीएमच्या पडद्यावरही 'एस्पेरे' येतं, आदरार्थीच.

मित्रांमध्ये, अर्जेंटिनात

अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये 'तू' च्या जागी 'बोस' म्हणतात आणि जोर शेवटी जातो: एस्पेरा, पण जोर 'रा'वर. एस्पेरामे, जोर पुन्हा 'रा'वर. हे आधी सांगितलेल्या 'एस्पेराद'चंच रूप आहे, फक्त शेवटचा द गळलाय. तरुण मुलं म्हणतील बांकामे उन तोके, 'जरा कळ काढ'. किंवा पारा, जोर शेवटी, 'थांब थांब'. किंवा उन काचीतो, एवढुसा तुकडा वेळ. ओळख झाल्यावर वापरा, इमिग्रेशनच्या खिडकीवर नाही.

चॅटवर सगळेच 'उन सेग' किंवा 'दामे उन मिन' असं अर्धं लिहितात, आणि 'पोर फाबोर' चं 'पोर्फा' होतं. ऑफिसच्या ईमेलमध्ये ते लिहू नका.

सगळं एकत्र आणून पाहा

तुम्ही हॉटेलच्या काउंटरवर आहात, पासपोर्ट पिशवीच्या तळाशी आहे. मोठ्याने म्हणा:

"दिस्कुल्पे, मे दा उन मोमेन्तीतो?" माफ करा, जरासा वेळ देता?

"क्लारो, सिन प्रीसा." अर्थात, घाई नाही.

पिशवी उपसता उपसता: "आ बेर... या कासी." बघू... झालंच.

सापडला: "आकी एस्ता. ग्रास्यास पोर एस्पेरार." हा घ्या. थांबल्याबद्दल आभार. स्पेनच्या बऱ्याच भागांत हे 'ग्राथ्यास' ऐकू येईल.

हे शेवटचं वाक्य गाळू नका. उशीर जास्त झाला असेल तर दिस्कुल्पे ला देमोरा, उशिराबद्दल माफ करा, किंवा स्पेनमध्ये पेर्दोन पोर ला एस्पेरा. थांबवण्याचं काम 'उन मोमेन्तो' ने सुरू होतं आणि याने संपतं. सुरुवात सगळे करतात, शेवट विसरतात.

मागितला त्याहून जास्त वेळ लागायला लागला तर काय? गप्प राहू नका. मी नोकरीत हिशोब ठेवला होता: दर दीड मिनिटाने परत फोनवर यायचं. "सीगे आई?" आहात ना? "सीगो बुस्कान्दो, पेर्मीतामे उन पोकीतो मास." अजून शोधतेय, आणखी थोडासा वेळ द्या.